कमानीखाली उभं राहण्याची रीत

कमानीचा साचा काढतात तेव्हा ती ज्यानं बांधली त्यानं तिच्याखाली उभं राहायचं, ही आमच्या घरातली रीत. मी लग्न होऊन पोशीरहून खालापूरकडच्या या गावात आले त्याच वर्षी ती पहिल्यांदा पाहिली. एका देवळाच्या ओवरीची कमान होती. लाकडी साच्यावर दगड चढवून, मधे चुना भरून ती महिनाभर वाळत ठेवली होती. साच्याखाली चार टेकू आणि प्रत्येक टेकूच्या बुडाशी पाचर. पाचरी ठोकून काढल्या की साचा खाली सरकतो आणि दगडांचा सगळा भार पहिल्यांदाच कमानीच्या स्वतःच्या अंगावर येतो. नेमकं त्या वेळी माझे सासरे हात मागे बांधून मधोमध उभे राहिले होते. साचा निघाला, कमान जागची हलली नाही, सासरे बाहेर आले आणि त्यांनी चहा मागितला. मी मात्र पुढे दोन दिवस त्या कमानीखालून गेले नाही.

मी विचारलं होतं, हे कशाला करता? तर म्हणाले, ज्याला स्वतःच्या कामाखाली उभं राहायची हिंमत नाही त्यानं दुसऱ्याला त्याखालून जा म्हणू नये. त्यांच्या वडिलांनी हेच केलं, त्यांच्या आज्यानंही. मी तेव्हा नवी नवरी, चहाचे कप उचलून आत गेले.

माझा स्वभाव मुळात काळजीचा. गॅस बंद केलाय का हे बघायला कर्जतच्या एसटी स्टँडवरून परत घरी आलेली बाई आहे मी. आणि पडले कुणाच्या घरात, तर चुन्याच्या गवंड्याच्या. नवरा सिमेंटवाला. कर्जतच्या बाजूला मुंबईकरांची जी फार्महाऊसं उभी राहतात त्यांचे स्लॅब टाकतो. बापाचा हात चुन्यात आणि मुलाचा सिमेंटात, त्यामुळे जेवायला बसले की भांडण ठरलेलं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, आमची मुलगी शाळा-कॉलेजात, म्हणून चुन्याकडे हळूहळू मीच बघू लागले. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, खड्ड्यात मुरवायचा, हिरडा आणि गूळ भिजवून त्याचं पाणी घालायचं, मळायचा. मला ते आवडायचं. सासरे कौतुक करणारे नव्हेत, पण एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले होते की हिच्या हातचा चुना लोण्यासारखा येतो. ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते, खोटं कशाला बोलू.

मग ते कॅथेड्रलचं काम आलं.

जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्या एक आर्किटेक्ट बाई मुंबईहून यायच्या. सासऱ्यांनी खोपोलीच्या बाजूला एका मशिदीच्या मिनाराला चुन्याचा गिलावा केला होता, तो त्यांनी पाहिला आणि पत्ता काढत घरी आल्या. मुंबईतल्या एका जुन्या, इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाच्या कॅथेड्रलच्या खिडक्यांच्या दोन कमानी झिजून सैल झाल्या होत्या, त्या उतरवून तशाच पुन्हा बांधायच्या होत्या. चुन्यातच, सिमेंटचा कण नको. पण तिथल्या कमिटीला खात्री हवी होती. म्हणून आधी आमच्याच आवारात तशी एक कमान, त्याच मापाची, त्याच पिवळ्या दगडाची, बांधून दाखवायची. ती उभी राहिली तर काम आपलं.

माप घ्यायला सासऱ्यांबरोबर मीही गेले. कॅथेड्रल म्हणजे काहीतरी आभाळात घुसलेलं असेल असं मला वाटत होतं. बाहेरून बघून थोडी निराशाच झाली. जाड, गुमान भिंती, पुढे घड्याळाचा मनोरा, एखाद्या किल्ल्याची देवडी असावी तसं. आत पाऊल टाकलं आणि मान आपोआप वर गेली. उंच छत, दोन्ही अंगांना खांब, वेताच्या बैठकीची बाकं आणि टोकाला रंगीत काचांच्या उंच खिडक्या. त्यांच्या कमानी आपल्या देवळातल्यासारख्या गोल नव्हत्या, वर टोक काढलेल्या होत्या. बाई सांगत होत्या की कंपनीच्या काळात इंग्रज व्यापाऱ्यांनी हे बांधायला घेतलं, मग ज्यांनी मनावर घेतलं होतं ते काही परत गेले, काही मेले, आणि अर्ध्या भिंती कित्येक वर्षं तशाच पावसात उभ्या राहिल्या. पुढे एका पाद्र्यानं लोकांच्या मागे लागून ते पुरं करून घेतलं. त्यामुळे पुढचा भाग साधा आणि जाडजूड, वखारीच्या लोकांना शोभेल असा. टोकदार खिडक्यांचा मागचा भाग फार नंतरचा. तोवर त्यांचं राज्य झालं होतं आणि त्यांना आपल्या मुलखातल्यासारखं देऊळ हवं होतं.

कॅथेड्रल का म्हणतात, तेही बाईंनी सांगितलं. बिशपची, म्हणजे त्यांच्या मोठ्या धर्मगुरूची, खुर्ची जिथे असते ते कॅथेड्रल, बाकीची कितीही मोठी असली तरी नुसती चर्च. सासऱ्यांनी लगेच विचारलं, खुर्ची कुठंय? खुर्ची दाखवली. त्यांनी वाकून लाकूड पाहिलं, सागाची हाय म्हणाले, आणि पुढे सरकले. त्यांना वेदीचं, रंगीत काचांचं काही पडलं नव्हतं. खिडकीच्या बाजूला एका सांध्यातला जुना चुना त्यांनी नखानं उकरला, बोटांत चुरला आणि मला दाखवला. आत शिंपल्यांचे बारीक तुकडे चमकत होते. समुद्राच्या शिंपल्या जाळून केलेला चुना, म्हणाले, हे कुणा साहेबाच्या हातचं नाय, आपल्यातल्याच कुणीतरी मळलेलं हाय.

भिंतींवर सगळीकडे संगमरवरी पाट्या. बाईंनी काही वाचून दाखवल्या. कुणी वीस वर्षांचा शिपाई, कुणाची बायको, कुणाची तीन मुलं, सगळी इथल्या दोन-चार पावसाळ्यांत गेलेली. मला कसंतरीच झालं. एवढी तरणी माणसं इतक्या लांब येऊन मेली, आणि त्यांच्या माणसांनी निदान नाव तरी दगडात कोरून ठेवलं. चुना मळणाऱ्या बाईचं नाव शोधायला मात्र मी उगाच मान वर करून फिरत होते. नव्हतंच.

परत आल्यावर सासऱ्यांनी शेणानं सारवलेल्या अंगणात दोन खिळे ठोकले. त्यांच्यामधलं अंतर खिडकीच्या रुंदीएवढं, सहा फूट. एका खिळ्याला तेवढ्याच लांबीची दोरी बांधून त्यांनी खडूनं एक कमान ओढली, मग दुसऱ्या खिळ्यावरून दुसरी. दोन्ही रेषा जिथे भेटल्या तिथे टोक आलं. मला म्हणाले, बघ, दोन खिळे आणि एक दोरी, साहेबाचं एवढं मोठं देऊळ एवढ्यावर उभं हाय. गोल कमान भार दोन्ही बाजूंना ढकलते, म्हणून तिला जाड भिंती लागतात. ही टोकाची कमान भार खाली उतरवते, म्हणून भिंती बारीक करता येतात आणि एवढ्या मोठ्या खिडक्या बसतात. मी बारावी झालेली, पण भूमिती मला त्या दिवशी अंगणात कळली.

टेंपोतून दगड आला. सासऱ्यांनी आणि दोन गड्यांनी तो घडवला, नवऱ्यानं कुरकुरत का होईना साचा ठोकून दिला. शिमगा उलटून चार दिवस झाले आणि कमान पुरी झाली. टोकाशी दोन दगड एकमेकांना कपाळ टेकवून बसले. आख्खा गाव बघायला आला. कुणी म्हणालं, आता घंटाही बांधा, कुणी म्हणालं, बिशप कधी येताहेत. सासरे मिशीत हसत होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जायचं होतं. तारीख आधीच ठरलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं की नंतर तीन आठवडे धुळीत, उन्हात जायचं नाही, म्हणजे ते माजघरातच बसून राहणार. निघताना त्यांनी मला कमानीजवळ बोलावलं आणि सांगितलं, आता ही तुझ्या स्वाधीन. गोणपाट ओलं ठेवायचं, पण दुपारी दोन तास काढायचं. चुन्याला हवा लागते. सिमेंट पाण्यात घट्ट होतं, चुना वाऱ्यावर घट्ट होतो, हे विसरू नको. मी मान डोलावली. मला ते पाठ होतं.

पाठ असून उपयोग काय? तिसऱ्या दिवशी राजमाचीच्या बाजूनं काळं आभाळ आलं. अवकाळी पाऊस. ताज्या चुन्यावर पावसाचा मारा बसला तर सांधे धुऊन जातात. मी धावत जाऊन ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी दोरीनं आवळली. पाऊस शिंतडला आणि गेला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आभाळ. मग उघडायला जीवच होईना. वाटे, उघडली आणि मी पोशीरला आईकडे गेले असताना पाऊस आला तर? ऊन लागून तडकली तर? शेजारची म्हैस सुटून येऊन धडकली तर? नवरा म्हणाला, राहू दे झाकलेली, ओल टिकेल, आम्ही स्लॅबला आठ आठ दिवस पाणी साठवून ठेवतो. मला तेच हवं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ ताडपत्रीखाली हात घालून मी गोणपाट भिजवत होते आणि मनात म्हणत होते, बाई, किती जपते मी हिला. तीन आठवडे मी ती कमान उघडलीच नाही.

बाई कमिटीच्या दोघांना घेऊन येणार त्याच्या तीन दिवस आधी मी ताडपत्री सोडली. आतून वाफ आली. वरचे सांधे पांढरे, कोरडे दिसत होते. जरा बरं वाटलं. मग खाली वाकले आणि कमानीच्या डाव्या पायाशी, जिथे सगळ्यात जास्त भार येतो तिथल्या सांध्यात खिळा लावून पाहिला. खिळा बोटभर आत गेला. जोरही लावावा लागला नाही. बाहेर काढला तर टोकाला ओला चुना, जसा मी मळला होता तसाच.

आणि मग मी जे केलं ते मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. मी अंगठ्यानं ते भोक बुजवलं, वरून पदरानं पुसलं आणि घरात येऊन तांदूळ निवडायला बसले.

सासरे त्या दिवशी पहिल्यांदाच काळा चष्मा लावून ओटीवर येऊन बसले होते. त्यांनी विचारलं, कशी हाय कमान? मी म्हटलं, बरी आहे. कमान पडली तर पडो, काम गेलं तर जावो, एवढंच असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण त्या कच्च्या चुन्यावर रचलेल्या दगडांखाली हा सत्तरी ओलांडलेला माणूस हात मागे बांधून उभा राहणार होता. एकेक दगड दोघांनी उचलावा असा. आणि त्यातला चुना माझा, झाकला मी, आणि खोटंही बोलले मीच.

पुढचे दोन दिवस मी त्यांना कमानीखालून दूर ठेवण्यासाठी काय काय नाही केलं. डॉक्टरांनी धुळीला मनाई केलीय म्हटलं. तर म्हणाले, चष्मा हाय ना. मग गुपचूप बाईंना फोन केला आणि त्यांनाच मनाई करायला लावलं. त्यांना ही रीत माहीतच नव्हती, ऐकून त्या हादरल्या. त्यांनी सासऱ्यांना फोनवर सांगितलं की कुणीही खाली उभं राहायचं नाही. सासऱ्यांनी शांतपणे उत्तर दिलं की तुमच्या कॅथेड्रलात तुमचा कायदा, माझ्या अंगणात माझा, आणि पटत नसेल तर दगड घेऊन जा. नवऱ्याला मी खरं ते सांगितलं. त्यानं जाऊन सांध्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, सांध्याच्या तोंडाला थोडं सिमेंट भरतो, कुणाला कळणार नाही. मी त्याच्यावर अशी खेकसले की तो उठून बाहेरच गेला. तोंडाला सिमेंट भरून आतला चुना थोडाच वाळणार होता? आणि बाबांना का नाही सांगत, असं त्यानं जाताना विचारलं. लोण्यासारखा चुना मळणारी सून मला राहायचं होतं, एवढंच खरं.

तो दिवस उजाडला. सासऱ्यांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, कमानीला हळदकुंकू वाहिलं. बाई आल्या, कमिटीचे दोघे आले. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी टोकाकडे बघून हातानं छातीवर क्रूसाची खूण केली, मला वाटलं यांना कळलं की काय. चहा झाला. दोन्ही गडी हातोडे घेऊन टेकूंजवळ बसले. बाईंनी पुन्हा एकदा सासऱ्यांना विनवलं. ते हसले आणि खाली जाऊन उभे राहिले.

एका गड्यानं हातोडा उचलला.

"थांबा," मी म्हटलं. "डाव्या पायाचा चुना कच्चा आहे."

सासऱ्यांनी मान वळवली. "कोण म्हणतं?"

"मी. मीच तीन आठवडे ताडपत्रीखाली ठेवली."

सगळे माझ्याकडे बघत होते. आता सासरे बाहेर येतील, मला चार शब्द सुनावतील, असं मला वाटलं. ते बाहेर आलेच नाहीत. तिथेच उभे राहून त्यांनी गड्यांना सांगितलं, मारा रं. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा बाई पुढे झाल्या आणि सरळ पाचरीवर हात ठेवून खाली बसल्या, म्हणजे हातोडा मारायचा तर त्यांच्या बोटांवर. सासरे वाकून बाहेर आले, माझ्यासमोरून गेले आणि पाताळगंगेच्या काठाकडे चालू लागले. कमिटीच्या लोकांना बाईंनी काय सांगितलं मला माहीत नाही. जाताना मला एवढंच म्हणाल्या की महिनाभरानं मी एकटी येईन, तोवर काय करायचं ते करा, पण काम मिळेलच असं मी सांगू शकत नाही.

त्यानंतर सासरे माझ्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं की भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, त्या बाईला सांगा, पाणी आण. मुलगी दिवसभर कॉलेजात, घरात दुसरी बाईच नव्हती. नवरा ऑफिसातल्या शिपायासारखा त्यांचे निरोप माझ्याकडे आणि माझे त्यांच्याकडे पोचवत होता. मला राग यायचा. चुकले ना मी, मग चार माणसांत कबूलही केलं, अजून काय जीव देऊ? आणि दुसऱ्या क्षणाला वाटायचं, त्या कच्च्या कमानीखाली उभा राहून हा माणूस मारा म्हणाला होता. माझं खरं निघालं असतं तर? रात्री डोळा लागायचा नाही.

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. पातळ पातीनं कच्चे सांधे जमतील तेवढे खोल कोरले, सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घातलेला ताजा चुना दाबून भरला. दुपारी गोणपाट काढायचं, सकाळी शिंपडायचं, वारा लागू द्यायचा. खिळा रोज. खिळा कधी नखभर जाई, कधी त्याहून कमी. आभाळ आलं की ताडपत्री हातात घेऊन मी नुसती उभी राहायची, टाकायची नाही, पहिला थेंब पडेपर्यंत थांबायची. ते थांबणं मला सगळ्यात अवघड गेलं. सासरे ओटीवर काळ्या चष्म्याआडून हे सगळं बघत असत. एकदा मी वाळू जास्त घेतली तेव्हा ते खाकरले. मी थोडी कमी केली.

शेवटी खिळा शिरायचा थांबला.

मे संपत आला होता. बाई ठरल्याप्रमाणे एकट्या आल्या. नवऱ्यानं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. गडी टेकूंजवळ बसले तसे सासरे उठले, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलले.

"चुना हिचा हाय. हीच उभी राहील."

नवरा भडकला. बाई म्हणाल्या, अजिबात नाही, मी आत्ता निघून जाते. आणि मी? मला ज्या माणसाची महिनाभर इतकी भीती वाटली होती त्याचा मला त्या क्षणी असा संताप आला की विचारू नका. मी पदर कमरेला खोचला आणि गेले खाली. कुणी अडवायच्या आत गेले.

खालून कमान वेगळीच दिसते. साच्याच्या फळ्यांच्या फटीतून दगडांच्या कडा दिसत होत्या, टोकाशी बारीक उजेड. माझ्याच चुन्याचा वास. मी हात मागे बांधले ते ऐटीसाठी नाही, मोकळे राहिले तर साच्याला धरतील म्हणून. मुलगी कॉलेजची परीक्षा देऊन संध्याकाळी येईल तिला कोण जेवायला वाढेल असला काहीतरी विचार मनात आला. सासऱ्यांनी गड्याच्या हातून हातोडा घेतला. म्हणाले, मी मारतो.

पहिली पाचर निघाली. माझ्या केसांत भुसा पडला. साचा कुठेतरी करकरला. दुसरीही निघाली. ते तिसऱ्या टेकूजवळ गेले, डाव्या पायाच्या. बसले. हातोडा उचलला.

आणि उचललेलाच राहिला. मी मान न हलवता डोळे तिकडे वळवले. हातोडा खाली आला तो पाचरीच्या बाजूला मातीत. त्यांनी तो पुन्हा उचलला, पुन्हा मारता आला नाही. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, ऑपरेशनचे डोळे, पुसायचे नव्हते ते.

"बाहेर ये," ते म्हणाले.

मी हललेच नाही. मला वाटलं परीक्षाच बघताहेत.

"ये गं पोरी बाहेर. मला नाय मारवत."

मी बाहेर आले. ते तिथेच मातीत बसून राहिले. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. लहानपणापासून ज्यानं बापाला प्रत्येक कमानीखाली उभं राहिलेलं पाहिलं होतं, तो त्यांचा मुलगा.

"तुमी लोक कसं बघत होता रं इतकी वर्षं?"

नवरा म्हणाला, "मी कधी बघितलंच नाय, बाबा. डोळे मिटून घ्यायचो. म्हणून तर सिमेंटात गेलो. स्लॅबखाली कोणी उभं राहत नाय."

सासऱ्यांनी हातोडा मुलाच्या हातात दिला. नवऱ्यानं आणि गड्यानं उरलेल्या दोन पाचरी ठोकून काढल्या आणि साचा हळूहळू खाली बसला. मी कमानीकडे बघत होते. नवरा कमानीकडे बघत होता. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि नवऱ्यानं उभी राहिली म्हणून सांगेपर्यंत ते त्यांनी उघडले नाहीत.